टेक्सास सोडून न्यू जर्सी: बंदुकीच्या कायद्यांमुळे राज्य बदललेल्या एका मराठी कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहायचं. ओळख पटू नये म्हणून गाव, कंपनी, शाळा कशाचंच नाव देत नाहीये आणि नवराबायकोला इथे दादा-वहिनी म्हणतोय, मंडळातले बरेचजण त्यांना तशीच हाक मारतात. घरातले काही तपशील बदललेत, पण निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम खरा आहे आणि दोघांनी वाचून हो म्हटलंय. लिहायचं कारण असं की "बंदुकांमुळे टेक्सास सोडावं का" हा विषय आपल्या लोकांत वरचेवर निघतो आणि दहा मिनिटांत एकतर "सगळीकडे सारखंच आहे हो" नाहीतर "लगेच निघा" इथे येऊन संपतो. या दोघांनी वर्षभर विचार केला, भांडले, कागदावर मांडलं, म्हणून ते सविस्तर सांगावंसं वाटलं.

दादा सॉफ्टवेअरमध्ये, एच-१बी वर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज, मंजूर, पण ईबी-२ या ग्रीन कार्डच्या वर्गात भारताची रांग किती लांब आहे ते वेगळं सांगायला नको. वहिनी एच-४ ईएडी वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, मेडिकल बिलिंगचं काम घरून करायच्या. मुलगी तिसरीत, मुलगा तीन वर्षांचा, दोघंही इथेच जन्मलेले. २०२० च्या शेवटी घर घेतलं तेव्हा होम लोन ३ टक्क्यांच्या आत मिळालं होतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता टेक्सासचा कायदा. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे २१ वर्षांवरच्या, ज्याच्यावर कायद्याने बंदी नाही अशा माणसाला हँडगन घेऊन फिरायला परवाना लागत नाही, त्याआधी ट्रेनिंग घेऊन परवाना काढावा लागायचा. एका माणसाने दुसऱ्याला खासगीत बंदूक विकली तर बॅकग्राउंड चेकची सक्ती नाही. रेड फ्लॅग कायदा, म्हणजे एखाद्याकडून धोका वाटतोय म्हणून कोर्टाच्या आदेशाने त्याची बंदूक तात्पुरती काढून घ्यायची सोय, तोही नाही. आणि एखाद्या शहराने स्वतःपुरते कडक नियम करायचे म्हटले तर राज्याचा कायदा करू देत नाही, त्यामुळे "आपण चांगल्या गावात राहू" म्हटलं तरी शाळा बदलते, शेजार बदलतो, कायदा तोच राहतो. दुकानदार दारावर ठरावीक मजकुराची पाटी लावून मनाई करू शकतो, ३०.०६ आणि ३०.०७ हे कलमांचे आकडे लिहिलेल्या त्या पाट्या तिकडे राहिलेल्या सगळ्यांना आठवतील.

२४ मे २०२२ ला युवाल्डीच्या रॉब एलिमेंटरीत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा १८ वर्षांचा, रायफली वाढदिवस झाल्या झाल्या दुकानातून कायदेशीर विकत घेतलेल्या. मुलगी तेव्हा दुसरीत होती. वहिनींनी त्या आठवड्यात तिला शाळेत पाठवलंच नाही, मग सुट्टी लागली आणि विषय मागे पडला. तोपर्यंत राज्य सोडायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

अडचण कुठून सुरू झाली

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलगी गल्लीतल्याच एका मैत्रिणीकडे प्लेडेटला गेली होती. रात्री जेवताना सहज म्हणाली की आई, तिच्या डॅडची गन बेडजवळच्या ड्रॉवरमध्ये असते, तिने मला दाखवली, पण आम्ही हात नाही लावला. दादांचा घास हातातच राहिला. ती पोरगी आठ वर्षांची, तिचा भाऊ पाच वर्षांचा, आणि ड्रॉवरला कुलूप नाही.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईला फोन केला. मला इथे त्या बाईंबद्दल चांगलंच लिहायचंय, कारण त्या ओशाळल्या, सॉरी म्हणाल्या, नवऱ्याशी बोलते म्हणाल्या. फक्त एक वाक्य त्यांनी असं टाकलं की ती लोडेड नसते, त्यामुळे काळजी करू नका. वहिनींना या वाक्याने जास्त अस्वस्थ केलं. मग त्यांनी कायदा शोधला. टेक्सासमध्ये भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर गुन्हा आहे, पण दुर्घटना झाली नाही तर तो क्लास सी, म्हणजे दंड भरून सुटणारा प्रकार, आणि बंदुकीत गोळी नसेल तर तो कायदा लागूच होत नाही. म्हणजे शेजारणीच्या घरात जे होतं ते तिथल्या कायद्याप्रमाणे व्यवस्थित होतं.

त्यानंतर ६ मे २०२३. शनिवार दुपार, ॲलन गावातला आउटलेट मॉल. ८ जण मारले गेले, त्यात ३ लहान मुलं होती, हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेल्या एका पोलिसाने हल्लेखोराला काही मिनिटांतच मारलं, नाहीतर आकडा कुठे गेला असता सांगता येत नाही. डॅलसकडचे आपले लोक त्या मॉलमध्ये भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जातात, निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरायला तिथूनच खरेदी होते. मंडळाच्या ग्रुपवर दोन तास फक्त "सेफ", "सेफ", "आम्ही घरी आहोत" एवढेच मेसेज येत होते. त्या रात्री वहिनी म्हणाल्या की मला हे राज्य नको.

पहिला निर्णयाचा टप्पा: भीती नेमकी कशाची

दादांची पहिली प्रतिक्रिया आकड्यांची होती, आणि दोघांचं भांडण इथूनच सुरू झालं. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणे दर लाख लोकांमागे बंदुकीने होणारे मृत्यू टेक्सासमध्ये १५.६, न्यू जर्सीत ५.२ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४. वहिनी म्हणाल्या बघ, तिप्पट फरक, अजून काय हवं. दादा म्हणाले थांब, यातले निम्म्याच्या वर मृत्यू आत्महत्या असतात. देशभराचंच बघितलं तर २०२१ मधल्या ४८,८३० पैकी साधारण ५४ टक्के आत्महत्या होत्या. मॉल-शाळेतले गोळीबार, ज्यांनी आपली झोप उडते, ते एकूण संख्येत फार थोडे. आणि आख्ख्या राज्याची सरासरी आपल्या पिनकोडला जशीच्या तशी लागत नाही, आपलं उपनगर आकड्यांत तसं शांतच आहे.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि महिनाभर एकमेकांना तेच तेच सांगत राहिले. कोंडी फुटली ती मुलीच्या डॉक्टरांकडे. वार्षिक तपासणीत डॉक्टर सहज विचारतात ना, कार सीट आहे का, स्विमिंग पूल आहे का, तसंच त्यांनी विचारलं की घरात बंदूक आहे का, आणि मुलगी ज्यांच्याकडे खेळायला जाते त्यांच्याकडे आहे का. वहिनींनी ड्रॉवरचा प्रकार सांगितला. डॉक्टर म्हणाल्या की खेळायला पाठवण्याआधी हे सरळ विचारत जा, बालरोगतज्ज्ञांची संघटनाच तसं सांगते. २०२१ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे देशात अंदाजे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे एकतरी बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर आहे.

घरी येऊन दोघांनी भीतीचे तीन भाग केले आणि मला वाटतं या प्रकरणात सगळ्यात उपयोगाचं काम हेच झालं. एक, सार्वजनिक जागेतला मोठा गोळीबार, जो क्वचित होतो पण ज्यावर आपला काडीचा ताबा नाही. दोन, दुसऱ्याच्या घरातली उघडी बंदूक, जी जास्त शक्य आहे आणि जिच्यावर आपला बराच ताबा आहे. तीन, पुढे मुलं टीनएजर झाल्यावर एखाद्या वाईट रात्री हाताशी बंदूक असणं किंवा नसणं, मग ती आपल्या घरातली असो नाहीतर मित्राच्या. तिसरा मुद्दा दादांनीच काढला, आत्महत्यांच्या आकड्यांवरून. ज्या आकड्याने ते वहिनींना गप्प करत होते त्याच आकड्याने त्यांचं स्वतःचं मत हललं, कारण आत्महत्या बाजूला काढून ठेवायची गोष्ट नाही, पोरं मोठी होणार आहेत आणि १ ते १९ वयोगटात २०२० पासून अमेरिकेत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, गाडीचे अपघातसुद्धा तिच्या मागे गेले.

समोर कोणते पर्याय होते

टेक्सासमध्येच राहायचं आणि सवयी बदलायच्या, हा सगळ्यात स्वस्त पर्याय. खेळायला पाठवण्याआधी विचारायचं, शक्यतो मुलांना आपल्याकडे बोलवायचं. त्यातच २०२३ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत एक सशस्त्र सुरक्षारक्षक सक्तीचा झाला, सप्टेंबरपासून लागू. काही पालकांना त्याने बरं वाटलं. वहिनींना नाही वाटलं, युवाल्डीत कितीतरी सशस्त्र पोलीस कॉरिडॉरमध्ये तासाच्या वर उभे होते हे त्यांना विसरता येत नव्हतं.

स्वतः बंदूक घ्यायची. दादांच्या टीममधला एक सहकारी कॅलिफोर्नियातून मुद्दाम टेक्सासला आलेला, म्हणजे याच कारणासाठी पण उलट्या दिशेने. त्याची बहीण एकटी राहायची, तिच्यामागे एक माणूस लागला होता, आणि परवान्याच्या रांगेत तिचे महिने गेले, त्यामुळे त्याच्यासाठी कडक कायदा म्हणजे बहिणीला वाऱ्यावर सोडणं. दादा त्याचं बोलणं मान देऊन ऐकायचे, आणि मलाही वाटतं की हा अनुभव खोटा ठरवायची गरज नाही. पण दादांच्या बाबतीत प्रश्नच निकालात निघाला. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फेडरल कायद्यानेच मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. एच-४ लाही तेच. आपल्याकडे कितीजणांना हे माहीत नसतं आणि मित्राबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन हातात बंदूक घेऊन फोटो टाकतात, कृपा करून आधी वकिलाला विचारा, व्हिसा आणि पुढचं ग्रीन कार्ड दोन्ही त्यात अडकू शकतं.

इलिनॉय. कंपनीचं शिकागोला ऑफिस होतं. तिथे बंदूक बाळगायला राज्याचं एफओआयडी कार्ड लागतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये असॉल्ट वेपनवर, म्हणजे लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर, बंदीही आली. पण ती बंदी ज्या घटनेनंतर आली ती ४ जुलै २०२२ ची हायलँड पार्कची परेड, ७ लोक गेले, आणि त्या मुलाने कार्ड रीतसर काढलं होतं, २१ च्या आतला म्हणून वडिलांनी सही केली होती. शिवाय दर लाखामागचा आकडा इलिनॉयचा आणि टेक्सासचा जवळपास सारखाच. शेजारच्या इंडियानात कायदे ढिले, बंदुका तिकडून येतात हा तिथला जुना प्रश्न. वहिनी इथे पहिल्यांदा गडबडल्या, कारण नुसता कायदा कडक असला की झालं, हे त्यांचं गणित इथे चालेना.

मॅसॅच्युसेट्स. आकडा सगळ्यात कमी, परवाना गावच्या पोलीस प्रमुखाकडून, घरात बंदूक वापरात नसताना कुलपातच हवी असा कायदा कित्येक वर्षांपासून. पण कंपनीचं ऑफिस तिथे नव्हतं आणि बॉस्टनच्या आसपासची घरं परवडणार नव्हती.

न्यू जर्सी. कंपनीचं ऑफिस होतं, वहिनींची मावसबहीण तिथेच, आणि सेंट्रल जर्सीत मराठी माणसं, मराठी शाळा, नाटकं, गणपती सगळं आहे. तिथे बंदूक घ्यायला आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांचे संदर्भ, आणि २०२२ पासून ट्रेनिंगचा पुरावा. प्रत्येक हँडगनला वेगळा परमिट. मॅगझिनमध्ये १० च्या वर गोळ्या नाहीत. खासगी विक्रीलाही चेक. रेड फ्लॅग कायदा २०१९ पासून आहे. पण राज्याचा इन्कम टॅक्स आहे, जो टेक्सासमध्ये शून्य होता, आणि घराचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला ९,००० डॉलरच्या वर, देशात सगळ्यात जास्त.

आणि शेवटचा पर्याय सासूबाईंचा, सांगलीहून, दर रविवारी फोनवर: परत या. हा त्यांनी हसण्यावारी नेला नाही. भारतात बंदुकीचा परवाना किती अवघड आहे ते दादांना माहीत होतं, त्यांच्या आजोबांची शेतावरची बारा बोअर दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. पण मुलीची शाळा, वहिनींचं काम, दादांच्या वडिलांच्या आजारपणाचं कर्ज, हे सगळं बघता परत जाणं हा पाच वर्षांनी पुन्हा काढायचा विषय ठरला.

दुसरा निर्णयाचा टप्पा: व्हिसा

ऑगस्ट २०२३ मध्ये न्यू जर्सी जवळपास ठरलं आणि तेव्हा कुठे वकिलाला फोन झाला. एच-१बी वर कामाची जागा वेगळ्या मेट्रो भागात गेली तर कंपनीला नवीन एलसीए, म्हणजे कामाची जागा आणि पगार यांना कामगार खात्याची मंजुरी, घेऊन दुरुस्त पिटिशन भरावं लागतं, आणि ते भरल्याशिवाय नव्या जागी काम सुरू करता येत नाही. घरून काम करत असाल तरी तेच, कारण मग घर हीच कामाची जागा. "कंपनीला न सांगता जर्सीला जाऊन रिमोट करतो" असं कोणी म्हणत असेल तर ते अजिबात करू नका.

दादांना खरी धास्ती होती ग्रीन कार्डची. पर्म, म्हणजे या कामाला इथला माणूस मिळत नाही हे कंपनीने दाखवायची ग्रीन कार्डची पहिली पायरी, ठरावीक जागेच्या नोकरीसाठी असतं, डॅलसचं पर्म जर्सीला चालत नाही, म्हणजे पुन्हा जाहिराती, पुन्हा पर्म, पुन्हा आय-१४०. वकिलाने समजावलं की मंजूर आय-१४० ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, तुमचीच राहते, त्यामुळे रांगेतली जागा जात नाही, फक्त प्रोसेस परत करावी लागेल आणि कंपनी तयार हवी. तारीख यायलाच इतकी वर्षं आहेत की मधे एक पर्म परत करायला वेळ भरपूर. हे ऐकल्यावर दादांचा अर्धा विरोध मावळला. वहिनींचं ईएडी कुठल्या जागेला बांधलेलं नसतं, त्यांना फक्त पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरायचा होता.

मॅनेजरला काय सांगायचं यावर बरीच चर्चा झाली. दादांनी "कौटुंबिक कारण, बायकोचे नातेवाईक" एवढंच सांगितलं. बंदुकीचं कारण सांगितलं नाही, कारण ऑफिसमध्ये शिकारीला जाणारे, परवाना असणारे बरेचजण, आणि दादांना त्यांच्याशी वाद नको होता. मला हे पटतं, बदलीसाठी राजकीय वाटेल असं कारण द्यायची काही गरज नसते.

काय काय केलं

बदली मंजूर व्हायला डिसेंबर उजाडला, दुरुस्त एच-१बी एप्रिल २०२४ मध्ये भरला गेला. शाळा मधे तोडायची नाही हे आधीच ठरलेलं. टेक्सासची शाळा मे अखेरीला संपते, जर्सीची सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्यामुळे जूनमध्ये हलले आणि मुलांना रुळायला आख्खा उन्हाळा मिळाला.

घराचं मात्र अवघड गेलं. २०२४ मध्ये होम लोनचे दर ७ टक्क्यांच्या आसपास, हातातलं कर्ज ३ च्या आतलं, ते कोण सोडेल, म्हणून घर भाड्याने दिलं. वहिनींनी सांगितलं की भाडेकरारात घरात बंदूक ठेवायची नाही असं कलम घाला. रिअल्टरने सांगितलं की टेक्सासमध्ये २०१९ पासून घरमालकाला तसं कलम घालताच येत नाही, कायदेशीर बंदूक भाडेकरू ठेवू शकतो. वहिनी दोन दिवस गप्प होत्या. आपण ज्या गोष्टीपासून लांब चाललोय ती आपल्याच घरात, मुलीच्या जुन्या खोलीत असू शकते, याचा त्यांना मनापासून त्रास झाला. शिवाय स्वतः राहात नसल्यामुळे होमस्टेड सवलत गेली आणि प्रॉपर्टी टॅक्स वाढला. वर्षभराने घर विकलं. दादा अजून म्हणतात की ३ टक्क्यांचं कर्ज सोडलं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोठा आर्थिक तोटा, जर्सीच्या टॅक्सपेक्षाही मोठा.

पुढे काय झालं

सप्टेंबरमध्ये मुलगी नव्या शाळेत गेली आणि तिसऱ्या आठवड्यात घरी येऊन म्हणाली, आज लॉकडाउन ड्रिल झालं. वहिनींना धक्काच बसला. टेक्सासमध्ये हे ड्रिल, म्हणजे शाळेत हल्लेखोर आला तर दारं बंद करून लपायचा सराव, वर्षाला दोनदा व्हायचं. न्यू जर्सीचा कायदा असा आहे की दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सुरक्षा ड्रिल झालंच पाहिजे, त्यात लॉकडाउन, बॉम्ब, इव्हॅक्युएशन असे प्रकार आलटून पालटून. म्हणजे बंदुका कमी असलेल्या राज्यात पोरीला ड्रिल जास्त करावं लागतंय. ती ड्रिलनंतर रात्री आईजवळ झोपायला यायची, ते जर्सीत आल्यावर काही महिने उलट वाढलं. शाळेच्या काउन्सेलरशी बोलून ड्रिलच्या दिवशी घरी आधी ईमेल यायला लागला, त्याने फरक पडला.

कायदाही स्थिर नाही हे दुसरं लक्षात आलं. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन निकाल आला, त्याने न्यू जर्सीची "खास गरज दाखवा तरच कॅरी परमिट", म्हणजे बंदूक सोबत घेऊन फिरायचा परवाना, ही अट मोडली. राज्याने त्याच डिसेंबरात नवीन कायदा करून शाळा, दवाखाने, बार अशा बऱ्याच जागी बंदी घातली आणि त्यावर लगेच कोर्टकज्जे सुरू झाले. म्हणजे दादा-वहिनी जो कायदा बघून आले तो पुढे तसाच राहीलच असं नाही.

शेजारी एक निवृत्त पोलीस राहतात, शिकारीला जातात. वहिनींनी मुलीला त्यांच्या नातीबरोबर खेळायला पाठवायच्या आधी विचारलं. ते आजोबा त्यांना खाली बेसमेंटमध्ये घेऊन गेले, सेफ दाखवला, गोळ्या वेगळ्या कपाटात, आणि म्हणाले विचारलंत ते चांगलं केलंत. याच्या उलट अनुभव आपल्याच एका देशी घरी आला, "आमच्याकडे बंदूक? तुम्ही असं विचारताच कसं" म्हणून त्या बाई बराच काळ बोलत नव्हत्या. आणि आणखी एका देशी घरात खरोखरच निघाली, त्यांचं दुकान आहे, परमिट रीतसर, सेफही होता, पण सेफची किल्ली स्वयंपाकघरात हुकाला लावलेली. वहिनींनी सांगितल्यावर त्यांनी ती जागा बदलली. मला विचाराल तर मुलांची सुरक्षितता आख्ख्या स्थलांतराने जितकी वाढली नसेल तितकी त्या किल्लीने वाढली.

मग राज्य बदलून काय मिळालं? वहिनींचं उत्तर सरळ आहे: किराणा आणायला गेल्यावर पुढच्या माणसाच्या कमरेकडे नजर जात नाही. दादांचं उत्तर जरा वेगळं आहे, ते म्हणतात मुलगा सोळाचा होईल तेव्हा त्याच्या मित्रांच्या घरांपैकी बंदूक असलेली घरं इथे कमी असतील, आणि कोणी बिथरलाय असं दिसलं तर कोर्टात जायची सोय आहे. दोघांनी आपापल्या वेगळ्या कारणासाठी एकच निर्णय घेतला, आणि तो त्यांना महाग पडला तरी पटलेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

वकिलाचा फोन मे मध्येच व्हायला हवा होता. तीन महिने दादा ज्या भीतीपोटी "नाही" म्हणत होते ती प्रायॉरिटी डेटची भीती होती, आणि तिचं उत्तर एका फोनवर मिळालं. नवराबायकोतलं निम्मं भांडण त्या फोनअभावी झालं.

घर विकायचं की ठेवायचं हे दोघांनी फक्त व्याजदरावरून ठरवलं. दूरच्या राज्यातलं भाड्याचं घर, गेलेली होमस्टेड सवलत, आणि भाडेकरूच्या बंदुकीचा कायदा, हे तिन्ही निघायच्या आधी कळू शकलं असतं. तेव्हाच विकलं असतं तर वर्षभराचा मनस्ताप वाचला असता असं वहिनी म्हणतात. दादांना हे अजून मान्य नाही.

शाळेला आधी जाऊन ड्रिलबद्दल विचारलं नाही. दोघांनी गृहीत धरलं की कायदा कडक म्हणजे शाळेत हा विषयच निघणार नाही, आणि मुलीलाही तसंच सांगितलं, "तिकडे हे नसतं". मुलीने नंतर आईला तेच वाक्य ऐकवलं. तिला खरं कारण, तिच्या वयाला झेपेल इतकं, डॅलसमध्येच सांगायला हवं होतं, कारण तिने स्वतःच्या मनाशी असा अर्थ लावला होता की तिने ड्रॉवरचं सांगितलं म्हणून सगळ्यांना घर सोडावं लागलं. हे काउन्सेलरकडे बाहेर आलं, जर्सीला येऊन पाच महिने झाल्यावर. वहिनींनी तिला बसवून सांगितलं की तू सांगितलंस ते अगदी बरोबर केलंस, आणि निघायचा निर्णय आमचा मोठ्यांचा होता. त्यानंतर त्या जुन्या मैत्रिणीशी तिचं व्हिडिओवर बोलणंही परत सुरू झालं.

गेल्या वर्षी दादांच्या कंपनीत लेऑफची कुजबुज सुरू झाली तेव्हा ऑस्टिनमधून एक ऑफर आली होती, पगार जास्त, स्टेट टॅक्स शून्य. एच-१बी वर नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, त्यामुळे ती सहज नाकारण्यासारखी नव्हती. या वेळी दोघांनी आधी वकील, मग शाळा, मग पैसे या क्रमाने दोन दिवसांत सगळं तपासलं आणि नको म्हटलं, पण त्याच वेळी ठरवलं की जर्सीतली नोकरी खरंच गेली आणि फक्त टेक्सासमध्येच मिळाली तर जायचं, भाड्याने राहायचं, आणि खेळायला पाठवायच्या आधी प्रत्येक घरी विचारायचं. जर्सीचं नवीन पर्म सध्या कंपनीने भरलेलं आहे.